उसवू की नको? भावाचा स्वेटर फसलाय, सल्ला हवा

कर्वेनगरी
नमस्कार मंडळी. विणकामाच्या जुन्या धाग्यावर विचारणार होते, पण तिथे सध्या उकडीच्या मोदकांच्या पाऱ्यांवर भांडण चालू आहे, म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझा धाकटा भाऊ मास्टर्ससाठी जर्मनीत, आखेनला आहे. दिवाळीनंतर त्याचा मित्र पुण्याहून तिकडे निघालाय, त्याच्याबरोबर स्वेटर पाठवायचा असा बेत. भावाने मागितला होता असं मुळीच नाही. तो म्हणाला, "ताई, इथे सेकंडहँडमध्ये झकास जॅकेटं मिळतात." पण तोवर लोकर घरात येऊन पडली होती.

नेटवरून एक फुकट अमेरिकन नमुना उतरवून घेतला. अगदी साधा. गोल गळा, अंगाला एक ओळ सुलट एक ओळ उलट, खाली एक सुलट एक उलटची बॉर्डर. सुई नंबर ८, टाके ९९, मुंड्यापर्यंत अमुक सेंटिमीटर, एकूण उंची ६५. पाठ झाली, पुढचा भाग झाला. वीण सुरेख, मऊ, एकसारखी. मग आई म्हणाली, "मापलंस का गं?" टेप लावला तर रुंदी ४५ सेंटिमीटर. नमुन्यात लिहिलंय ५५! म्हणजे घेर ११० व्हायचा तो ९० झालाय आणि आमच्या साहेबांची नुसती छाती १०० आहे.

दुसरं दुःख लोकरीचं. पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानात त्या मोरपंखी रंगाची ४०० ग्रॅमच शिल्लक होती. काका म्हणाले, "लागली तर या, हा शेड आपल्याकडे कायम असतो." बाह्यांना पुरणार नाही असं दिसल्यावर आणखी १५० ग्रॅम आणली. शेड नंबर तोच. रात्री ट्यूबलाइटखाली बाही सुरू केली, मनगटाची बॉर्डर झाली, वर चार बोटं विणून झालं. सकाळी गॅलरीत उन्हात धरली तर बाही हिरवट आणि पाठ निळसर! लेबलं शेजारीशेजारी ठेवून पाहिली. लॉट नंबर वेगळे.

तर आता काय करू? पाणी मारून, ताणून दहा सेंटिमीटर निघतील का? बगलेत पट्ट्या घालू का? की सगळं उसवू? उसवायच्या नुसत्या कल्पनेने पोटात गोळा येतोय. "विकत घे" हा सल्ला कृपया नको.

पेठी_पुणेकर
विकत घे.

कर्वेनगरी
आभारी आहे.

पेठी_पुणेकर
रागावू नका. पण मुळात पुण्यात बसून लोकर विणणं हाच मला न उलगडलेला प्रकार आहे. डिसेंबरात सकाळी सहा ते आठ थंडी, नंतर पंखा. आमच्या घरी मावशीने विणलेले तीन स्वेटर आहेत. तिन्ही डांबराच्या गोळ्यांच्या वासाचे आणि तिन्ही कोणाच्याही मापाचे नाहीत.

भटक्या_खेडवळ
पेठीसाहेब, जानेवारी १९३५ मध्ये पुण्याचा पारा १.७ अंशांवर उतरला होता. तुमच्या मावशीने त्याची धास्ती घेतली असेल.
(स्वेटरमधलं शष्प कळत नाही. वाचतोय.)

मिनेसोटाकर
कर्वेनगरी, तुमच्या सुया भारतातल्या आहेत ना? मग घोटाळा सुईच्या नंबरात आहे. अमेरिकन ८ नंबरची सुई म्हणजे ५ मिलिमीटर. आपल्याकडे दुकानात ८ नंबर मागितला की जुन्या इंग्रजी मापाची मिळते, ती ४ मिलिमीटर. शिवाय दोन्हीकडचे नंबर उलट दिशेने पळतात. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड होते आणि आपल्याकडे बारीक.

सोयीसाठी लिहून ठेवते.
आपल्याकडचे नंबर: ६ म्हणजे ५ मिमी, ७ म्हणजे ४.५, ८ म्हणजे ४, ९ म्हणजे ३.७५, १० म्हणजे ३.२५, ११ म्हणजे ३, १२ म्हणजे २.७५.
अमेरिकन: ६ म्हणजे ४ मिमी, ७ म्हणजे ४.५, ८ म्हणजे ५, ९ म्हणजे ५.५, १० म्हणजे ६.

फक्त ७ नंबरवर दोन्ही देशांचं एकमत आहे. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मला हे एका शेजारीण आजींनी सांगितलं, नाहीतर माझ्याही टोप्या बाहुल्यांनाच झाल्या असत्या.

तेव्हा तुम्ही आपल्याकडची ६ नंबरची सुई घ्या आणि पुन्हा ९९ टाक्यांवर विणा. माप बरोबर येईल.

कर्वेनगरी
काय सांगता! नमुन्यात मिलिमीटर कुठेच दिलेले नाहीत हो. नुसता ८ आकडा. आणि मी इथे चार दिवस माझा हात घट्ट आहे म्हणून आईचं ऐकून घेतेय!

उलटसुलट
थांब गं, लगेच ६ नंबरच्या सुया आणायला धावू नकोस. मिनेसोटाकर यांनी नंबराचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. पण तू म्हणतेस वीण मऊ आणि सुरेख आलीय. जाड लोकर बारीक सुईवर घेतली असती तर तुकडा पुठ्ठ्यासारखा उभा राहिला असता. ज्या अर्थी तसं झालेलं नाही, त्या अर्थी तुझी लोकरही नमुन्यातल्यापेक्षा बारीक आहे. लेबलवर काय लिहिलंय? आणि पाठीच्या मधोमध पट्टी ठेवून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोज. कडेला मोजू नकोस, तिथे ओढ असते.

कर्वेनगरी
उलटसुलट काकू, लेबलवर: १०० टक्के ॲक्रिलिक, सुई ४ मिमी, १० सेंटिमीटरला २२ टाके. मी मोजले, २२च भरले. नमुन्यात १८ टाके दिलेत. आणि लोकरीच्या रकान्यात 'वर्स्टेड' असं काहीतरी आहे, मला वाटलं ते त्या बाईंच्या आवडत्या कंपनीचं नाव असेल.

उलटसुलट
झालं तर. वर्स्टेड ही तिकडची जाडी आहे, साधारण ४.५ ते ५ मिमीच्या सुईवर विणायची. तुझी आहे तिला इंग्रजी नमुन्यांत डबल निटिंग म्हणतात. ४ मिमीवर २२ टाके हे तिचं अगदी खास माप. म्हणजे तुझ्या हातात काही दोष नाही, तो लेबलबरहुकूम चाललाय. आईला सांग.

आता हीच लोकर ५ मिमीवर घेतलीस तर १८ टाके येतीलही, पण स्वेटरची मच्छरदाणी होईल आणि दोनदा घातल्यावर कोपर लोंबायला लागेल. सुई ८ नंबरच ठेव, टाके वाढव.

मिनेसोटाकर
काकूंचं बरोबर आहे, लोकरीच्या जाडीचा विचार मी केलाच नव्हता. माझा ६ नंबरचा सल्ला रद्द समजा.

आणखी एक. तिकडच्या घरांत हीटिंग असतं. जाडजूड स्वेटर घालून खोलीत बसवत नाही आणि जॅकेटखाली तो कोंबला तर हात वर होत नाहीत. भावाला ही पातळ वीणच जास्त उपयोगी पडेल.

वर्नियर
आकडे दिसले म्हणून आलो. विणकामातलं ज्ञान शून्य.

९९ टाके ÷ १८ × १० = ५५ सेंमी. हा नमुना.
९९ टाके ÷ २२ × १० = ४५ सेंमी. ही तुमची पाठ.
५५ सेंमी हवे असतील तर ५.५ × २२ = १२१ टाके.

उंची बरोबर आली कारण नमुन्यात ती ओळींत नसून सेंटिमीटरमध्ये होती. तुम्ही मोजून थांबलात.

आता न उसवता मार्ग. घेरात २० सेंमी कमी आहेत. दोन्ही बगलांत १० सेंमी रुंदीची एकेक उभी पट्टी त्या दुसऱ्या लॉटच्या लोकरीत विणून जोडा. घेर ११०. नव्या लोकरीचा निकाल लागेल आणि रंगाचा फरक डिझाइन म्हणून खपेल. मला हे उत्तर फार देखणं वाटतंय.

कर्वेनगरी
वर्नियर, तुमच्या पायाचं तीर्थ द्या!

उलटसुलट
तीर्थ नंतर घे. बगलेत पट्टी घातली की छाती पुरेल, खांद्यांचं काय? पाठ ९९ टाक्यांची, मुंड्याचे टाके बंद केल्यावर वर उरले असतील ७९-८०. म्हणजे खांद्यापासून खांद्यापर्यंत ३६ सेंटिमीटर. शंभर छातीच्या उंच मुलाला ३६चा खांदा? मुंड्याची शिवण मानेकडे चढेल आणि बाही वरून ओढली जाऊन मनगट उघडं पडेल. पोत्याला खिडक्या केल्यासारखं दिसेल ते.

वर्नियर
माणसाला खांदे असतात हे गृहीतक माझ्याकडून राहिलं. माघार.

निमा
ताणायच्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही म्हणून देते. खऱ्या लोकरीचा तुकडा भिजवून, पिळून, टाचण्या लावून ताणून वाळवला तर थोडाफार वाढतो आणि त्या मापात राहतोही. ॲक्रिलिक तसं ऐकत नाही, वाळलं की परत जाग्यावर. आणि कोणी कितीही सांगितलं तरी इस्त्री लावू नकोस. आमच्या जाऊबाईंनी वाफेच्या इस्त्रीने बाळाचा स्वेटर 'सेट' केला होता. ॲक्रिलिक उष्णतेने ढिलं पडतं आणि ते कायमचं. बॉर्डरचा सगळा ताण गेला, वीण चपटी आणि चकचकीत झाली, स्वेटरचा घंटाकृती झबला झाला. तसंही दहा सेंटिमीटर कोणत्याच लोकरीतून निघणार नाहीत.

चिंगी
मध्येच घुसतेय, पण हा देशोदेशीच्या मापांचा विषय निघालाच आहे तर. भाचीसाठी क्रोशाचा फ्रॉक करतेय. इंग्लंडच्या एका बाईंचा नमुना आहे, त्यात सगळीकडे 'डबल क्रोशे'. मी व्हिडिओ बघून केले, तर फोटोतला फ्रॉक घट्ट विणीचा आणि माझा जाळीदार, शिवाय चारच ओळींत कंबर संपली. हे पण तेच का?

मिनेसोटाकर
अगदी तेच. इंग्लंडच्या नमुन्यातला डबल क्रोशे म्हणजे अमेरिकेतला सिंगल, तो बुटका घट्ट टाका. अमेरिकन व्हिडिओत डबल म्हणून दाखवतात तो आपला नेहमीचा खांब आणि त्याला इंग्लंडमध्ये ट्रेबल म्हणतात. नमुन्यात कुठेही 'सिंगल' हा शब्द नसेल तर तो बहुधा इंग्लंडचा समजायचा.

चिंगी
म्हणजे पूर्ण फ्रॉक खांबांनी केलाय मी. उन्हाळ्यासाठी जाळीदार ठेवू का?

पेठी_पुणेकर
पुण्यात तोच घातला जाईल. ठेवा.

कर्वेनगरी
मंडळी, सगळं पटतंय. तरी हात धजावत नाही. रोज ऑफिसातून आल्यावर, कर्वे रोडच्या ट्रॅफिकमधून सुटून, तास-दीड तास विणायचे. ऑफिसात कोणी काही बोललं की त्या दिवशीची ओळ घट्ट यायची, तरी शेवटी सगळं एकसारखं आलंय. पाठ बघितली की वाटतं, ही चुकलेली नाहीच, फक्त हा भाऊ तिच्या मापाचा नाही. आई म्हणते तिला घाल. तिची छाती ८२, तिला घेर ९० अगदी बरोबर बसेल. पण ६५ उंची तिच्या मांडीपर्यंत येईल आणि मुंडे पुरुषी खोल. आणि मग भावाचं काय?

निमा
आईचा पर्याय वाईट नाही हं. उंची खालून कमी करता येते. बॉर्डरच्या वर हव्या त्या ओळीतला एक टाका कापायचा, तो धागा ओळभर सोडवत जायचा, वरचे मोकळे टाके सुईवर घ्यायचे आणि तिथून खाली नवी बॉर्डर विणायची. बाह्या घालायच्याच नाहीत, बिनबाह्यांचा करायचा, म्हणजे खोल मुंडे चालून जातील. भावासाठी नवी लोकर एका लॉटची आणायची.

उलटसुलट
निमाचं तंत्र चोख आहे. पण मित्र दिवाळीनंतर निघतोय. या मुलीच्या हाताने एक अख्खा पुरुषी स्वेटर जेमतेम होईल, त्यात आईच्या स्वेटरची कापाकापी कधी करणार? आणि ४०० ग्रॅममधली पावणेतीनशे आईच्या अंगावर गेली की उरलेल्यात भावाचं काहीच होत नाही. पुन्हा सगळी लोकर विकत.

मला विचारशील तर उसव. कारण सांगते. तुझ्या दोन दुखण्यांना औषध एकच आहे. पाठ आणि पुढचा भाग तसेच ठेवलेस तर दोन लॉटचा फरक लपवायला जागाच उरत नाही, अख्खं अंग एका रंगाचं आणि बाह्या दुसऱ्या. सगळं मोकळं केलंस तर दोन्ही लॉट हवे तिथे, हवे तसे फिरवता येतील.

पण त्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाठ आणि पुढचा भाग वेगवेगळे वजन करून इथे लिही. लोकर पुरते का ते बघू. पुरली नाही तर तिसरा लॉट घरात येईल आणि मग देवच वाली.

भटक्या_खेडवळ
हे लॉटचं प्रकरण काय असतं? एकाच नंबराचा रंग दोनदा वेगळा कसा?

उलटसुलट
एका वेळी एका पिंपात जेवढी लोकर रंगते तो एक लॉट. पुढच्या वेळी तोच रंग, तेच प्रमाण घेतलं तरी पाणी, तापमान, रंग किती मुरला यात जरा इकडेतिकडे होतंच. शेड नंबर म्हणजे ठरवलेला रंग, लॉट नंबर म्हणजे प्रत्यक्षात लागलेला. दोन गुंडे नुसते शेजारी ठेवले तर पुष्कळदा कळतही नाही, विणून मोठा पट्टा झाला की डोळ्यात येतं. म्हणून लोकर घेताना लेबलं दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन जुळवायची आणि सगळी एकदम घ्यायची. उरलेले न उघडलेले गुंडे काही दुकानं परत घेतात, तेही आधीच विचारून ठेवायचं.

भटक्या_खेडवळ
समजलं. आमच्या गावाकडच्या घोंगड्या बऱ्या म्हणायच्या. मेंढीच्या अंगावरचा जो काळा तोच काळा. लॉट नाही, लेबल नाही.

पेठी_पुणेकर
टोचतात.

भटक्या_खेडवळ
टोचतात हे मान्य. दख्खनी मेंढीची लोकर जाडच. तिचा स्वेटर करून जर्मनीला पाठवला तर भाऊ संबंध तोडेल.

कर्वेनगरी
वजनं: पाठ १४० ग्रॅम, पुढचा भाग १३६. पहिल्या लॉटपैकी उरलेली १२४. नव्या लॉटची १५०, त्यातली थोडी बाहीत अडकलीय.

वर्नियर
परत आलो, आता खांद्यांसकट.

टाके ९९वरून १२१. लोकर त्याच प्रमाणात वाढेल, म्हणजे १.२२ पट.
पाठ १७१ ग्रॅम, पुढचा भाग १६६. दोन बाह्या माझ्या अंदाजाने १७०, गळा १५.
एकूण ५२२. तुमच्याकडे ५५०.

पुरते. २८ ग्रॅम हातात. पण बाह्यांचा आकडा अंदाजाचा आहे, कोणीतरी तपासा.

उलटसुलट
बाह्यांचा अंदाज ठीक आहे. टोकं शिवायला आणि जोडायला थोडी जाईल, तरी पुरेल. आता नीट वाच.

खालच्या दोन्ही बॉर्डरी आणि गळा नव्या लॉटमध्ये घे. बॉर्डरची वीण वेगळी असते, उजेड तिच्यावर वेगळा पडतो, त्यामुळे रंगातला फरक तिथे खपतो. अंग पूर्ण जुन्या लॉटमध्ये. बाह्या दोन्ही लॉट मिसळून, दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या, अशा वरपर्यंत. दोनच का, तर दोन ओळी झाल्या की धागा परत त्याच कडेला येतो, तोडावा लागत नाही, कडेने वर नेता येतो. फक्त फार ओढायचा नाही, कड गोळा होते.

असं केलंस तर बाही ना पूर्ण निळसर ना पूर्ण हिरवट. अंगाशेजारी आली तरी नजर अडकणार नाही.

वर्नियर
या हिशोबाने नवा लॉट: बॉर्डरी अंदाजे ४०, गळा १५, बाह्यांची निम्मी ८५, मिळून १४०. आहेत १५०.
जुना लॉट: अंग २९७, बाह्या ८५, मिळून ३८२. आहेत ४००.
काकू, तुम्ही हे मनात केलंत?

उलटसुलट
मनात कशाला, तुमच्या आकड्यांवरून पाटीवर केलं. चाळीस वर्षं घरातल्या सगळ्यांचे स्वेटर उरलेल्या लोकरीतच बसवले आहेत.

निमा
मी मात्र वेगळं करेन. इतकी लपवाछपवी करण्यापेक्षा करड्या रंगाचे दोन गुंडे आण, बॉर्डरी, गळा आणि बाहीचे पट्टे करड्यात कर. मुद्दाम केलेलं दिसेल. तरुण मुलगा आहे, आवडेल. दोन-दोन ओळींच्या भानगडीत कड बिघडली तर शिवताना त्रास.

उलटसुलट
करडं छानच दिसेल. पण करडी लोकर जाडीला तंतोतंत तशीच मिळायला हवी, नाहीतर पट्ट्यापाशी माप बदलेल. एकदा पोळलीय ती दुकानात.

कर्वेनगरी
भावाला व्हिडिओ कॉलवर दोन्ही पर्याय सांगितले. उत्तर: "खिसा असेल का?" तेव्हा त्याचं मत बाद. करड्यासाठी परत रविवार पेठेत, बोहरी आळीच्या गर्दीत शिरायची ताकद नाही. काकूंचा मार्ग पक्का.

आणि हो, रॅव्हेलरी या विणकामाच्या साइटवर त्याच नमुन्याखाली बघितलं. कितीतरी जणींनी विणलाय आणि त्यांच्या नोंदींत सुई ५ मिमी, ५ मिमी असं लिहिलेलं आहे. आधी बघितलं असतं तर... जाऊ दे.

आज रात्री उसवतेय.

पेठी_पुणेकर
फोटो टाका. (उपहास नाही. बघायचंय.)

कर्वेनगरी
उसवलं. पुढचा भाग आईने धरला, मी गुंडाळत गेले. गळ्याशी बंद केलेले टाके निघायला वेळ लागला, मग सरसर. इतके दिवस खपून केलेलं एका मालिकेच्या भागात मोकळं! आई मध्येच म्हणाली, "अगं हळू, मालिका बघू दे." मला वाटलं होतं रडू येईल. प्रत्यक्षात भूक लागली, मॅगी केली.

पाठ अजून तशीच आहे, उद्या. पण उसवलेली लोकर नूडल्ससारखी कुरळी झालीय. तशीच विणू का?

उलटसुलट
तशीच नको, टाके वाकडेतिकडे दिसतात. खुर्चीच्या पाठीला सैल गुंडाळून लडी कर, चार ठिकाणी दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने बांध, नाहीतर जन्मभर सोडवत बसशील. कोमट पाण्यात अर्धा तास बुडव. कोमट म्हणजे हाताला सोसेल असं, कढत नको, ॲक्रिलिक आहे. पिळू नकोस, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढ आणि सावलीत काठीवर टांग. खाली वजन म्हणून काहीतरी हलकं अडकव. पूर्ण सरळ होणार नाही, पण विणीत कळणार नाही इतपत होईल. लॉटच्या चिठ्ठ्या लावून ठेव बरं, ओल्या लडी सगळ्या सारख्याच दिसतात.

मिनेसोटाकर
आणि ॲक्रिलिक म्हणून वाईट वाटून घेऊ नका. खरी लोकर उबदार खरी, वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही ती ओली लागत नाही. पण हॉस्टेलवरचा मुलगा स्वेटर जीन्सबरोबर मशीनमध्ये टाकणार, ४० अंशांवर. खऱ्या लोकरीचा तिथे आटून नमदा झाला असता.

कर्वेनगरी
अपडेट. लडी वाळल्या. नव्या लॉटमध्ये १२१ टाके घातले, बॉर्डर झाली, वर जुनी लोकर लावून वीतभर विणलं. यावेळी आईने विचारायच्या आत मापलं. ५५. बॉर्डरचा हिरवटपणा मला दिसतो, बाबांना दिसत नाही, पण बाबांना सिग्नलचाही दिसत नाही.

वर्नियर
५५ नेमके? जरा वेळ या आकड्याकडे बघत बसतो.

चिंगी
माझा जाळीदार फ्रॉक भाचीने घातला. तिच्या आईला घट्ट विणीचाच हवा होता, पण भाची काढायला तयार नाही. धन्यवाद सगळ्यांना.

कर्वेनगरी
पाठ आणि पुढचा भाग दोन्ही झाले! आता बाह्या. काकू, एक बाही झाल्यावर दुसरी तेवढीच लांब यावी, टाके वाढवायच्या ओळी त्याच जागी याव्यात यासाठी काही युक्ती? मागे एकदा मावशीच्या कार्डिगनच्या बाह्या बोटभर लहानमोठ्या झाल्या होत्या आणि ती अजून सगळ्यांना दाखवते.

उलटसुलट
दोन्ही बाह्या एकाच सुईवर एकदम घे. लांब दोरीची गोल सुई आण, सरळ सुईवर गर्दी होईल. आधी उजव्या बाहीची ओळ, मग तिच्याच शेजारी डाव्या बाहीची, मग उलटून परत. वाढवायचा टाका एकीला घातला की दुसरीला आपोआप आठवतो. दोन्ही एकाच दिवशी संपतात.

कर्वेनगरी
पण काकू, दोन बाह्या, प्रत्येकीला जुना लॉट आणि नवा लॉट. म्हणजे चार गुंडे एकदम चालू?

उलटसुलट
चार गुंडे. चार डबे घे, झाकणाला भोक पाडलेले. आणि एक ओळ झाली की सुई नेहमी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून उलटायची. एकाच बाजूने फिरवत राहिलीस तर चौघांची वेणी होईल.

पेठी_पुणेकर
श्रीखंडाचे रिकामे डबे आहेत. अर्धा किलोचे, चार. चितळ्यांचेच. कर्वेनगरात कुठे पोचवू?